ओटा लहान, माळा मोठा

ग्राफिक्स कार्डावरची मेमरी (व्हीरॅम) भरली की उरलेला माल संगणकाच्या मुख्य मेमरीत, म्हणजे रॅममध्ये, ठेवला जातो. ही सोय विंडोजमध्ये मुळातच आहे. ती वेगळी सुरू करावी लागत नाही आणि एरवी नजरेसही येत नाही. जुन्या कार्डावर नवा गेम चालवू पाहणाऱ्याला मात्र ती कधी ना कधी दिसते, आणि मग प्रश्न पडतो : कार्ड ४ जीबीचे आणि रॅम १६ जीबीची, तर त्यातले निम्मे कार्डाला देऊन टाकले तर कार्ड दांडगे होणार नाही का?

या प्रश्नावर दोन मते आहेत आणि दोन्हींना आधार आहे. पुढे ती मामा आणि भाचा अशा दोघांच्या तोंडी दिली आहेत. मामा संगणक दुरुस्तीचा व्यवसाय करतात. भाचा अभियांत्रिकीचा विद्यार्थी असून त्याच्याकडे जीफोर्स जीटीएक्स १०५० टीआय आहे. हे कार्ड ऑक्टोबर २०१६ मध्ये बाजारात आले. ४ जीबी जीडीडीआर५ मेमरी, वीज ७५ वॅट, म्हणजे स्लॉटमधून मिळते तेवढ्यातच भागणारे. त्यामुळे कार्यालयांतून निघालेले जुने डेस्कटॉप घ्यायचे, त्यात हे कार्ड बसवायचे आणि गेमिंगचा संच तयार करायचा, अशी रीतच पडली. भाच्याचा संच त्याच जातीचा आहे : चौथ्या पिढीचा कोअर आय५ आणि ८ जीबी डीडीआर३ रॅमची एकच काडी.

भाचा : मामा, विंडोजच सांगतंय की कार्डाकडे ८ जीबी आहेत. डिस्प्ले अडॅप्टरच्या प्रॉपर्टीज उघडल्या की एकूण ग्राफिक्स मेमरी जवळजवळ ८ जीबी दिसते. आणखी ८ जीबीची काडी टाकली की तोच आकडा १२ होईल. लॅमिंग्टन रोडवर जुन्या डीडीआर३चा भाव विचारून आलोय. नव्या कार्डाच्या मानाने काहीच नाही.

मामा : आकडा १२ होईल, यात शंका नाही. त्याच्या खालच्या ओळी वाचल्यास का? डेडिकेटेड ४, शेअर्ड ४. पहिले ४ कार्डाच्या पाटीवर बसलेत. दुसरे ४ कुणाचेच नाहीत. ती नुसती उधारीची मर्यादा आहे.

हा खुलासा अचूक आहे. विंडोज एकूण रॅमच्या निम्म्यापर्यंतचा भाग ग्राफिक्सला उसना देण्याची मुभा ठेवते. तो भाग आधीपासून राखून ठेवलेला नसतो. ब्राउझर, गेम आणि खुद्द विंडोज त्याच रॅममध्ये नांदत असतात. ८ जीबीच्या संचात मर्यादा ४ जीबीची, १६ जीबीच्या संचात ८ जीबीची. कोणती वस्तू कार्डावर राहील आणि कोणती रॅममध्ये जाईल, याचा हिशेब व्हिस्टाच्या काळापासून, म्हणजे २००७ पासून, विंडोजचा मेमरी व्यवस्थापक ठेवतो. डायरेक्टएक्स १२ मध्ये या कामाचा बराच भार गेम लिहिणाऱ्यांवर आला. एकच कार्ड एका गेममध्ये मेमरी भरल्यावरही सावरते आणि दुसऱ्यात कोलमडते, त्याचे एक कारण इथे आहे.

भाचा : उसनी का होईना, मेमरी ती मेमरीच. बिट तेच, बाइट तेच.

मामा : आजीच्या स्वयंपाकघरात बघ. ओटा केवढा? दोन हात. त्यावर मिसळणाचा डबा, तेलाची किटली, आत्ता लागणारं पातेलं. माळा त्याच्या चौपट आहे. म्हणून कुणी माळ्यावर चढून फोडणी देतं का?

भाचा : नाही देत. पण चकलीचा सोऱ्या माळ्यावर आहे म्हणूनच ओट्यावर पातेल्याला जागा आहे ना?

भाच्याच्या या उत्तराला वजन आहे. माळा निरुपयोगी आहे असे म्हणता येत नाही. प्रश्न एवढाच उरतो की एखादी वस्तू किती वेळा लागते आणि शिडीवरून ती किती वेगाने खाली येते. दोन्ही गोष्टी मोजता येतात.

जीटीएक्स १०५० टीआयची स्वतःची मेमरी सेकंदाला ११२ जीबी माल देते. कार्ड आणि मदरबोर्ड यांना जोडणारी शिडी म्हणजे पीसीआय एक्सप्रेसचा स्लॉट. तिसऱ्या आवृत्तीच्या १६ लेनच्या स्लॉटमधून एका दिशेने सेकंदाला सुमारे १५.७५ जीबी जातात. दुसऱ्या आवृत्तीत ८ जीबी. सेकंदाचे आकडे मोठे वाटतात, म्हणून ते एका फ्रेमवर आणून पाहावेत. ६० एफपीएसने, म्हणजे सेकंदाला ६० फ्रेमच्या गतीने, खेळायचे तर एका फ्रेमला १६.७ मिलिसेकंद मिळतात. तेवढ्या वेळात कार्डाची मेमरी १.८७ जीबी वाचून होऊ शकते. शिडीवरून येतात सुमारे २६२ एमबी, तेही शिडी पूर्ण मोकळी असेल तर. ती मोकळी कधीच नसते, कारण प्रोसेसरचे हुकूम आणि नव्या दृश्याचा मालही तिच्यावरूनच जातो.

कार्डाला दूरच्या मेमरीतून उत्तर यायला उशीरही लागतो. ग्राफिक्स प्रोसेसर एकाच वेळी हजारो कामे हाती घेतो आणि एक अडले की दुसरे पुढे नेतो, त्यामुळे थोडाफार उशीर तो झाकून नेतो. रुंदीची उणीव मात्र कुठल्याच युक्तीने झाकली जात नाही.

भाचा : २६२ एमबी काही कमी नाहीत. गेम प्रत्येक फ्रेमला सगळी मेमरी थोडीच वाचतो? मी एका खोलीत उभा असताना शेजारच्या वाड्याच्या भिंती मेमरीत नुसत्या पडून असतात.

मामा : असतात. आणि दार उघडून तू वाड्यात शिरलास की?

वादाची गाठ या दारातच आहे. खोलीत उभे असताना सरासरी एफपीएस चांगली दिसते. दार उघडताच शेकडो एमबी टेक्स्चर, म्हणजे भिंती-वस्तूंवर चढवलेली चित्रे, एकदम लागतात, शिडीवर गर्दी होते आणि एखाददुसरी फ्रेम १६ ऐवजी ८०-१०० मिलिसेकंद घेते. खेळणाऱ्याला झटका बसतो, पण मिनिटाभराच्या सरासरीत तो विरून जातो. म्हणूनच रॅम उसनी घेऊन गेम ‘चालतो’ असे सांगणारा आणि ‘खेळवत नाही’ असे सांगणारा, दोघेही खरे बोलत असू शकतात. एक सरासरी सांगतो आणि दुसरा झटके.

टेक्स्चर एवढी जागा का खातात, हेही पाहण्यासारखे आहे. ४०९६ बाय ४०९६ बिंदूंचे टेक्स्चर, प्रत्येक बिंदूला ४ बाइट, म्हणजे ६४ एमबी. गेममध्ये ते दाबून ठेवतात. दर बिंदूला १ बाइट लागणाऱ्या पद्धतीत ते १६ एमबीवर येते. लांबून पाहण्यासाठी त्याच्या क्रमाने लहान होत जाणाऱ्या प्रतीही ठेवाव्या लागतात, त्यांनी एक तृतीयांश वाढ होऊन २१ एमबी होतात. पण एका भिंतीला एकच टेक्स्चर पुरत नाही. रंगाचे वेगळे, खडबडीतपणाचे वेगळे, उजेड कुठे चमकावा याचे वेगळे. भिंत, फरशी, झाडाचे खोड, शिपायाचा अंगरखा अशी यादी वाढत गेली की ४ जीबी पाहता पाहता संपतात. त्या मानाने १०८० पीच्या पडद्याचे एक पूर्ण चित्र ८ एमबीच्या आसपासच असते.

भाचा : मी काही जगावेगळं सांगत नाही, मामा. इंटेलनेच हे करून दाखवलं होतं.

मामा : दाखवलं होतं. काय झालं तेही सांग.

इतिहास इथे मामांच्या बाजूने जास्त बोलतो. १९९७ मध्ये इंटेलने एजीपी हा खास ग्राफिक्ससाठीचा स्लॉट मदरबोर्डावर आणला. त्याच्या मागे नेमका भाच्याचाच विचार होता. कार्डावरची मेमरी महाग, रॅम त्या मानाने स्वस्त, तर टेक्स्चर रॅममध्येच राहू द्यावीत आणि कार्डाने ती तिथूनच वाचावीत. रॅमचे विखुरलेले तुकडे कार्डाला सलग दिसावेत म्हणून पत्त्यांचे एक कोष्टक केले होते. बायोसमधली ‘एजीपी अपर्चर साइज’ ही ओळ त्या कोष्टकाची व्याप्ती ठरवायची. ती ओळ ६४ची १२८ केली की गेम पळतो, अशी समजूत त्या काळी सायबर कॅफेंतून फिरत असे. आजच्या कल्पनेची ती आजीच म्हणायची.

फेब्रुवारी १९९८ मध्ये आलेली इंटेलची आय७४० ही चिप याच तत्त्वावर उभी होती. पडद्याचे चित्र कार्डावर आणि टेक्स्चर रॅममध्ये. एजीपीच्या दुप्पट गतीच्या प्रकारात सेकंदाला ५३३ एमबी यायचे, आणि पलीकडे ज्या रॅममधून ते यायचे तिच्यावर प्रोसेसरचाही हक्क होता. त्याच वर्षीची व्हूडू २ सारखी कार्डे टेक्स्चर स्वतःच्या मेमरीत ठेवून पुढे निघून गेली. आय७४०ची एक आवृत्ती जुन्या पीसीआय स्लॉटसाठीही निघाली. त्या स्लॉटला रॅममधून टेक्स्चर वाचणे झेपणारे नव्हते, म्हणून कार्डावर जादा मेमरी बसवावी लागली. काही चाचण्यांत हीच आवृत्ती एजीपीवाल्या भावंडापेक्षा वेगवान ठरली. मंद स्लॉट असूनही, केवळ माल हाताशी होता म्हणून. वर्ष-दीड वर्षात इंटेलने ही चिप बाजारातून काढून घेतली.

२००४ च्या डिसेंबरमध्ये एनव्हिडियाने टर्बोकॅश या नावाने हीच कल्पना पीसीआय एक्सप्रेसवर आणली. जीफोर्स ६२०० च्या या प्रकारात कार्डावर अवघी १६ एमबी मेमरी असायची आणि जाहिरातीत १२८ एमबीचा आकडा. पुढच्या वर्षी एटीआयने हायपरमेमरी आणली. स्वस्त संचासाठी ही कार्डे वाईट नव्हती. पण खोक्यावरचा आकडा पाहून ती घेणाऱ्याची फसगत होत असे, आणि मेमरीच्या आकड्यावरून कार्ड निवडण्याची खोड बाजाराला लागली ती अजून सुटलेली नाही.

भाचा : मग प्लेस्टेशनचं काय? प्लेस्टेशन ४ मध्ये वेगळी व्हीरॅम नाहीच. प्रोसेसर आणि ग्राफिक्स मिळून एकच ८ जीबी. तरी त्यावर एवढे देखणे गेम चालले.

मामा : त्या ८ जीबी कसल्या होत्या? जीडीडीआर५. सेकंदाला १७६ जीबी. तिथे माळा वापरलेला नाही, अख्खं घरच ओट्याच्या उंचीवर बांधलंय.

याच मुद्द्याला एक पुरवणी जोडता येते. २०१३ मध्येच आलेल्या एक्सबॉक्स वनमध्येही ८ जीबीची सामाईक मेमरी होती, पण ती डीडीआर३ जातीची, सेकंदाला ६८ जीबी देणारी. ही उणीव भरायला मायक्रोसॉफ्टने चिपच्या आतच ३२ एमबीची अतिवेगवान मेमरी बसवली. म्हणजे रॅमवर जगणाऱ्या यंत्रालाही ओटा लागलाच, लहानसा का होईना. प्रोसेसरच्या पोटातल्या ग्राफिक्सला, उदाहरणार्थ रायझेन ५ ३४००जीला, असा स्वतःचा ओटाच नसतो. त्याचे सगळे घर माळ्यावर चालते. म्हणून अशा संचात रॅमची एक काडी काढून दोन बसवल्या की गेमचा वेग डोळ्यांना जाणवेल इतका वाढतो. डीडीआर४-३२०० ची एक काडी सेकंदाला २५.६ जीबी देते, जोडी ५१.२. ‘रॅम वाढवली आणि ग्राफिक्स सुधारले’ असे शपथेवर सांगणाऱ्यांत या संचांचे मालक बरेच असतात. त्यांचा अनुभव खरा असतो, पण वेगळ्या कार्डाच्या संचाला तो जसाच्या तसा लागू होत नाही.

भाच्याच्या बाजूचा सर्वांत बळकट पुरावा मात्र एका नव्या कार्डातून येतो. जानेवारी २०२२ मध्ये एएमडीने रेडिऑन आरएक्स ६५०० एक्सटी आणले. मेमरी ४ जीबी, आणि मदरबोर्डाशी जोडणी १६ नव्हे, फक्त ४ लेनची. पीसीआय एक्सप्रेसच्या चौथ्या आवृत्तीच्या बोर्डावर या ४ लेन सेकंदाला जवळजवळ ८ जीबी वाहतात, तिसऱ्या आवृत्तीच्या बोर्डावर निम्मेच. गेम ४ जीबीच्या आत राहिला तोवर दोन्ही बोर्डांवर फरक बेताचाच. टेक्स्चर वाढवून मेमरी ओसंडली की जुन्या बोर्डावरचे कार्ड कितीतरी मागे पडे. स्वस्त कार्ड घेणाऱ्याचा बोर्डही बहुधा जुनाच, त्यामुळे ज्याला शिडीची सर्वांत जास्त गरज होती त्याच्याच वाट्याला अरुंद शिडी आली. डिसेंबर २०१९ च्या आरएक्स ५५०० एक्सटीमध्ये हेच आधी दिसले होते. त्याला ८ लेन होत्या. ४ जीबीच्या कार्डाला चौथ्या आवृत्तीचा लाभ ठळक होई, ८ जीबीच्या कार्डाला फारसा नाही, कारण त्याला माळ्यावर चढण्याची वेळच क्वचित यायची.

भाचा : म्हणजे माझंच खरं झालं ना? शिडी रुंद असेल तर माळा कामाला येतो. माझ्या कार्डाला १६ लेन आहेत. त्या नव्या कार्डाच्या चौपट.

मामा : हे मात्र कबूल. उसनवारीच्या बाबतीत तुझं २०१६ चं कार्ड त्या २०२२ च्या कार्डापेक्षा सुखी आहे. पण शिडी कुठे टेकलीय तेही बघ. तुझ्या माळ्याचं दारच अरुंद आहे.

मामांचा रोख रॅमच्या एकुलत्या काडीकडे आहे. डीडीआर३-१६०० ची एक काडी सेकंदाला १२.८ जीबी देते. स्लॉट मात्र १५.७५ जीबी नेऊ शकतो. म्हणजे या संचात शिडीपेक्षा रॅम अरुंद आहे, आणि त्या १२.८ मधला मोठा वाटा प्रोसेसर स्वतःच्या कामाला आधी उचलतो. दुसरी काडी जोडीच्या स्लॉटमध्ये बसली की २५.६ जीबी होतात. भाचा दुसरी काडी घ्यायला निघाला होता ते क्षमता वाढावी म्हणून. लाभ होईल तो बराचसा रुंदी वाढल्यामुळे.

क्षमतेचाही एक लाभ आहे, आणि मामांना तो आधी बोलण्याच्या भरात सुचला नव्हता. ८ जीबीच्या संचात विंडोज, ब्राउझर आणि गेम मिळून रॅम आधीच काठोकाठ भरलेली असते. त्यात कार्डाने दीड-दोन जीबी उसने मागितले की रॅममधला कुणाचा तरी माल डिस्कवरच्या पेजफाइलमध्ये हलवावा लागतो. साधी हार्डडिस्क सेकंदाला शे-दीडशे एमबी देते, साटा जोडणीची एसएसडी साडेपाचशेच्या आसपास. इथे गोष्ट माळ्याचीही राहत नाही, डबा आणायला थेट बाजारात जावे लागते. अशा संचात १६ जीबी केल्यावर गेमचे अडखळणे खरोखर कमी होते. फक्त त्याचे श्रेय कार्ड ‘बूस्ट’ झाल्याला देणे चूक. कार्ड होते तसेच आहे, बाजाराच्या फेऱ्या थांबल्या आहेत. ३२ जीबी केल्याने मग आणखी काही होत नाही, कारण थांबवण्यासारखी फेरी उरलेली नसते.

भाचा : आणि ती रजिस्ट्रीची युक्ती? व्हिडिओत दाखवतात, एक आकडा टाकला की व्हीरॅम वाढते.

मामा : दुकानाच्या पाटीवर ‘भव्य’ लिहिलं म्हणून गाळा वाढतो का?

ही युक्ती इंटेलच्या अंतर्गत ग्राफिक्ससाठी आहे. रजिस्ट्रीत एक नोंद केली की विंडोज गेमला मेमरीचा मोठा आकडा सांगते. काही गेम सुरू होण्याआधी तेवढीच चौकशी करतात आणि फसून सुरू होतात. मेमरी एका बाइटनेही वाढत नाही. बायोसमधली ‘यूएमए फ्रेम बफर साइज’ किंवा ‘डीव्हीएमटी प्री-अलोकेटेड’ ही ओळ खरी आहे, पण तीही अंतर्गत ग्राफिक्सचीच. वेगळे कार्ड असलेल्या संचात ती वाढवली तर असलेली रॅम उगाच अडकून पडते.

रिसायझेबल बार या सोयीबद्दलही असाच घोळ होतो. एएमडीने नोव्हेंबर २०२० मध्ये ती स्मार्ट ॲक्सेस मेमरी या नावाने गाजवली, पाठोपाठ एनव्हिडियाने आरटीएक्स ३० मालिकेला दिली. नावावरून वाटते की कार्डाला रॅम मिळणार. दिशा नेमकी उलटी आहे. पूर्वी प्रोसेसरला कार्डाच्या मेमरीत बहुधा २५६ एमबीच्या खिडकीतून डोकवावे लागे, ती खिडकी या सोयीने पूर्ण मेमरीएवढी होते. १०५० टीआयसारख्या कार्डांना ती अधिकृतपणे मिळालेलीही नाही.

भाचा : बरं, रॅम नसतीच उसनी मिळत तर काय झालं असतं?

मामा : गेम बंद पडला असता.

भाचा : मग बंद पडण्यापेक्षा रखडलेला बरा, एवढं तरी माना.

मामा : गेमपुरतं मानतो. पण रखडणाऱ्या कामापेक्षा बंद पडणारं परवडलं, असं म्हणणारेही आहेत.

मामांचे हे शेवटचे वाक्य थट्टेचे वाटते, पण त्याला आधार आहे. घरच्या कार्डावर कृत्रिम बुद्धिमत्तेने चित्रे तयार करणाऱ्यांचा २०२३ मध्ये नेमका हाच अनुभव होता. एनव्हिडियाच्या नव्या ड्रायव्हरमध्ये कार्डाची मेमरी संपली की काम थांबण्याऐवजी मुकाट्याने रॅममध्ये ओसंडू लागले, आणि सेकंदांत होणारे चित्र मिनिटे घेऊ लागले. काम थांबले असते तर चित्राचा आकार कमी करावा हे लगेच कळले असते. तक्रारींनंतर त्याच वर्षी कंपनीने कंट्रोल पॅनेलमध्ये अशा कामांपुरती ही उसनवारी बंद करण्याची सोय दिली. गेमचे गणित वेगळे. तिथे ओसंडणारा माल थोडा असतो, व्यवस्थापक हुशार असला तर कमी लागणाराच माल बाहेर जातो, आणि एखादा झटका सोसून खेळ पुढे सरकतो.

किती ओसंडले तर चालते, याचा कयास एका प्रसिद्ध प्रकरणावरून बांधता येतो. सप्टेंबर २०१४ च्या जीटीएक्स ९७० वर ४ जीबी मेमरी होती. त्यातली शेवटची अर्धी जीबी उरलेल्या साडेतीन जीबीच्या एक सप्तमांश गतीने चाले. जानेवारी २०१५ मध्ये एनव्हिडियाने ते मान्य केले, आणि पुढे अमेरिकेत दर कार्डामागे ३० डॉलर देऊन दावा मिटवला. तरीही ते उघड होईपर्यंत चार महिने चाचण्या घेणाऱ्यांच्याही ते ध्यानात आले नव्हते, कारण ड्रायव्हर त्या मंद अर्ध्या जीबीत क्वचित लागणाराच माल ठेवी. सोऱ्या माळ्यावर ठेवणे म्हणजे हेच. चारशे-पाचशे एमबी नीट निवडून बाहेर ठेवली तर कुणाला कळतही नाही. दीड-दोन जीबी बाहेर गेली की त्यात रोजची कढई आलीच.

त्यामुळे जुन्या कार्डाच्या मालकाने उसनवारी वाढवण्यापेक्षा आटोक्यात ठेवणे जास्त उपयोगाचे. टेक्स्चरची पातळी एक पायरी खाली आणली की बहुतेक गेममध्ये सर्वांत मोठी प्रत गळते. ४०९६ ऐवजी २०४८ बिंदू, आणि जागा एक चतुर्थांश. २१ एमबीचे टेक्स्चर सव्वापाच एमबीत मावते. यात डोळ्यांचे नुकसान वाटते तेवढे होत नाही. १०८० पीच्या पडद्यावर मिळून बिंदू सुमारे २० लाख ७४ हजार, आणि ४०९६च्या एकट्या टेक्स्चरमध्ये १ कोटी ६७ लाखांहून अधिक. भिंतीला नाक लावून उभे राहिल्याशिवाय त्यातले बरेचसे बिंदू पडद्यावर येतच नाहीत. सावल्या आणि प्रकाशाच्या पातळ्या मेमरीपेक्षा कार्डाच्या गणनाशक्तीला जास्त छळतात, म्हणून मेमरी ओसंडत असेल तर आधी त्यांना हात लावण्याचे कारण नाही. मागे उघडा राहिलेला ब्राउझरही कार्डाची काहीशे एमबी धरून बसतो. तो बंद करणे हा फुकटातला उपाय, आणि नेमका तोच कुणी करत नाही.

उपाय करण्याआधी दुखणे कोणते ते पाहावे लागते. विंडोज १० च्या २०१७ मधल्या शरद ऋतूतील आवृत्तीपासून टास्क मॅनेजरमध्ये ग्राफिक्स प्रोसेसरचा वेगळा विभाग आहे. त्यात डेडिकेटेड आणि शेअर्ड मेमरीचे दोन आलेख दिसतात. शेअर्डमध्ये शे-दोनशे एमबी कायमच असतात, त्यांची चिंता करू नये. डेडिकेटेडचा आलेख छताला टेकला, शेअर्डचा चढत गेला आणि त्याच क्षणी गेमला झटका बसला, तर मेमरी ओसंडते आहे. उलट डेडिकेटेडमध्ये जागा शिल्लक आहे आणि ग्राफिक्स प्रोसेसर ९९ टक्क्यांवर राबतो आहे, तर कार्डाची ताकदच संपली. तिथे १६ जीबी रॅम टाका की ६४, फ्रेम वाढत नाहीत. अशा वेळी चित्र कमी बिंदूंत काढून मोठे करून दाखवणारे एएमडीचे एफएसआर काहीसे सावरते. २०२१ पासून ते जुन्या जीटीएक्स कार्डांवरही चालते.

भाच्याच्या संचात खेळता खेळता पाहिले तेव्हा डेडिकेटेड ३.९ जीबी होती आणि शेअर्ड १.४ जीबी. दुखणे मेमरीचेच ठरले.

मामा : आता शिडी मोज.

शिडीची रुंदी जीपीयू-झेड या छोट्या मोफत प्रोग्रॅममध्ये ‘बस इंटरफेस’ या ओळीत दिसते. कार्ड निवांत असताना वीज वाचवायला ते स्वतःहून पहिल्या आवृत्तीच्या गतीवर उतरते, त्यामुळे पहिला आकडा पाहून पुष्कळ जण घाबरतात. शेजारच्या प्रश्नचिन्हावर टिचकी मारून कार्डाला थोडे काम दिले की खरी गती उमटते. कार्ड चुकून खालच्या स्लॉटमध्ये बसलेले असेल, तर लांबीने १६ लेनचा दिसणारा स्लॉट आतून ४ लेनचाच असल्याचेही इथेच उघड होते. भाच्याच्या पडद्यावर १६ लेन आल्या, पण आवृत्ती आली दुसरी.

भाचा : हे कसं? प्रोसेसर तर तिसऱ्या आवृत्तीचा आहे.

मामा : बोर्ड एच८१ चिपसेटचा आहे. त्यावर प्रोसेसर कुठलाही घाल, स्लॉट दुसऱ्या आवृत्तीवरच चालतो.

म्हणजे सेकंदाला १५.७५ नव्हे, ८ जीबी, आणि एका फ्रेमला २६२ नव्हे, १३३ एमबी. एका काडीच्या १२.८ जीबीपेक्षाही आता शिडीच अरुंद ठरली. काडीचा बेत तरीही कायम राहिला, आता पेजफाइलच्या फेऱ्या वाचाव्यात म्हणून. एच८१च्या बोर्डावर रॅमचे दोनच स्लॉट असतात आणि १६ जीबी ही त्याची मर्यादा, त्यामुळे पुढच्या काडीचा प्रश्न तिथेच मिटला. टेक्स्चर ‘अल्ट्रा’वरून ‘हाय’वर आली तेव्हा शेअर्डचा आलेख तीनशे एमबीवर उतरला.